रस उत्तम, मीठ सांगाल तसं

पणजीत रस ऑमलेटचे गाडे काही कमी नाहीत. दिवेलागणीला तवे तापायला लागतात आणि प्रत्येक गाड्यासमोर उभा असलेला माणूस शपथेवर सांगतो की गोव्यात खरं रस ऑमलेट मिळतं ते इथंच. त्या वादात मला पडायचं नाही. मी ज्या गाड्याबद्दल लिहितोय तो मार्केटच्या मागल्या अंगाला, एका बंद छापखान्याच्या भिंतीला खेटून उभा असतो. त्याला नाव नाही. परवान्यावर काही असेल तर असेल, पण आम्ही वर्तमानपत्रातली रात्रपाळीची माणसं त्याला मामाचा गाडा म्हणत आलो. शोधायचा तर वासावर शोधा. भाजलेल्या खोबऱ्याचा वास आला की डावीकडे वळायचं.

गोव्याबाहेरच्यांसाठी आधी थोडं सांगतो. रस म्हणजे शागोतीचा, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातल्या कोंबडीचा किंवा मटणाचा, रस्सा. साधं कांदा-मिरचीचं ऑमलेट बशीत ठेवायचं, त्यावर हा गरम रस ओतायचा, वरून कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड, आणि सोबत पाव. एवढंच. हॉटेलवाल्यांनी यात चीज घालून पाहिलं, मशरूम घालून पाहिले. त्यांना सुखी राहू द्या.

खरी परीक्षा रसाची असते आणि इथं मामाला मार्क द्यावे लागतात. त्याच्या घरी मामी दुपारी जेवणं आटोपली की वाटणाला बसते. ओला नारळ किसून लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायचा, तो गडद तपकिरी झाला पाहिजे. काळपट दिसायला लागला की संपलं, सगळा रस कडू होतो. धणे, खसखस, बडीशेप, मिरी, लवंग, दालचिनी, चक्रफूल, सुक्या मिरच्या हे सगळं वेगवेगळं भाजलं जातं, कारण खसखशीला लागते तेवढी आच धण्यांना पुरत नाही. जायफळ शेवटी, किसून. बरेच गाडेवाले हे सगळं एकत्र कढईत टाकून मोकळे होतात आणि मग कसर भरून काढायला तिखट वाढवतात. मामाच्या रसात तिखट सगळ्यात उशिरा कळतं. आधी खोबरं, मग बडीशेपेचा किंचित गोडवा, आणि तुम्ही पाव मोडून दुसरा घास घेता तेव्हा कानशिलं तापायला लागतात. रसाला दाटपणा असा की पावाच्या लुसलुशीत भागात तो मुरतो, पण पाव हातातून सुटून बशीत पडत नाही.

पावाचंही एक सांगून ठेवतो. गाड्यावर दोन प्रकारचे पाव असतात, नेहमीचा मऊ पाव आणि उंडो. काही न बोलता उभे राहिलात तर मऊ पाव मिळेल. उंडो मागून घ्या. कडक पाठीचा गोल उंडो संध्याकाळच्या भट्टीचा असतो, पोदेर, म्हणजे पाववाला, स्वतः सायकलवरून आणून देतो. रात्री दहानंतर मात्र उंडे दगड होतात आणि मामाचा मुलगा ते तव्यावर पाणी शिंपडून गरम करतो. तेव्हा ते खाऊ नयेत. हे माझं मत नाही, भाईचं आहे. पण भाईची खाण्यातली मतं मी इतकी वर्षं उसनी घेऊन वापरलीत की आता माझी कुठली आणि त्याची कुठली ते निवडत बसण्यात अर्थ नाही.

भाई आमच्या दैनिकात पान लावायचा. त्याचं नाव काहीतरी वेगळं होतं, पगारपत्रकावर असायचं. आम्ही सगळे, संपादकांपासून चहावाल्या पोरापर्यंत, त्याला भाई म्हणायचो. मी १९८६ साली उपसंपादक म्हणून लागलो तेव्हा तो आधीच जुना झाला होता. तेव्हा मजकूर टाइपसेटिंगच्या यंत्रातून ब्रोमाइडच्या, म्हणजे फोटोच्या कागदाच्या, लांबच लांब पट्ट्यांवर यायचा. त्या पट्ट्या ब्लेडने कापायच्या, मागून गोंद लावायचा आणि पानाच्या आकाराच्या कागदावर खालून दिवा असलेल्या टेबलावर चिकटवायच्या. मग त्याचा निगेटिव्ह, मग प्लेट, मग मशीन. पान वाकडं लागलं तर सकाळी सगळ्या गोव्याला दिसायचं. भाईचं पान वाकडं लागल्याचं मी पाहिलेलं नाही.

त्याचं एक काम मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. पान जवळजवळ पुरं झालेलं असायचं, मशीनवाला खालून ओरडत असायचा आणि मुद्रितशोधकाला एखादी वेलांटी राहिलेली सापडायची. ती एक वेलांटी घालायला ओळ परत छापून आणायची तर दहा-पंधरा मिनिटं गेली. भाई टेबलाखालच्या खोक्यातून जुन्या ब्रोमाइडचा एखादा तुकडा काढायचा, त्याच मापाच्या अक्षरातली हवी ती वेलांटी शोधायचा, ब्लेडच्या टोकाने ती सोलून काढायचा, टोकावरच ती चिकटून राहायची, आणि श्वास रोखून ती शब्दावर बसवायचा. मग अंगठ्याने नव्हे, करंगळीच्या मांसल भागाने एकदा दाबायचा. अंगठ्याला शाई असायची म्हणून. सकाळच्या अंकात भिंग लावून बघितलं तरी जोड सापडायचा नाही. खोक्यातले तुकडे इतरांच्या लेखी कचरा होते, त्याने ते मापाप्रमाणे पाकिटांत लावून ठेवलेले असायचे.

पहिली आवृत्ती सुटली की साडेनऊ-दहाच्या सुमारास आम्ही गाड्यावर जायचो. काणकोण आणि पेडण्याकडची पानं गेलेली असायची, शहर आवृत्तीला वेळ असायचा. भाई फोंड्याकडचा. बस चुकली की ऑफिसातच कागदाच्या रिळांच्या आडोशाला चटई टाकून झोपायचा, त्यामुळे घाई अशी त्याला कधीच नसे. उभ्यानं खायची त्याची पद्धत होती. आधी ऑमलेटची जाळीदार कड, रस न लागलेली, नुसती खायची. ती कुरकुरीत नसेल तर त्या दिवशी तेल कमी तापलेलं आहे, हे त्याचं निदान. मग लिंबू. लिंबू रसावर नाही, कच्च्या कांद्यावर पिळायचं. मग कुठे पाव मोडायचा. पहिल्यांदा येणाऱ्याने याच क्रमाने खाऊन बघावं असं मी सांगेन. फरक पडतो.

बोलणं बहुतेक पानांचंच. माणसं वर्षं लग्नांवरून, बाळंतपणांवरून लक्षात ठेवतात. भाई पानांवरून ठेवायचा. मांडवीवरचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला, ती बातमी त्याने फोटोखाली पूर्ण रुंदीत लावली होती आणि बार्देशातली आमची अर्धी मंडळी पलीकडे अडकली होती. दुसऱ्या वर्षी ४ फेब्रुवारीला राजभाषेचा कायदा झाला. त्या रात्री ऑफिसात कोकणी आणि मराठी अशा दोन बाजू होत्या आणि भाई दोन्हींकडच्या मंडळींना एकच सांगत होता, 'भांडा, पण मथळा सात शब्दांत द्या, जागा नाही.' ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं त्या दिवशीच्या पानाची एक प्रत त्याने घरी पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. त्याच्या मते त्या पानावर डाव्या कोपऱ्यातली चौकट अर्धा एम, म्हणजे छपाईच्या मापात जेमतेम अर्ध्या अक्षराएवढी, जास्त रुंद झाली होती. ही गोष्ट तो मला गेल्या वर्षीपर्यंत सांगत होता.

सगळ्यात मोठी रात्र म्हणजे पर्रीकर गेले ती. १७ मार्च २०१९, रविवार. रविवारी गाडा बंद असतो, त्यामुळे त्या रात्री कुणी काही खाल्लं असेल असं वाटत नाही. सोमवारी मिरामारला अंत्यसंस्कार झाले आणि नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी आता होईल, मग होईल करत मंगळवारच्या पहाटे दोनच्या सुमारास राजभवनावर उरकला. पान एक अडकून पडलेलं. मामाने बारा वाजता गाडा आवरला आणि जाताना वॉचमनकडे एक मोठं पार्सल देऊन गेला. सोमवार म्हणून चण्याचा रस, आणि दोन डझन पाव. कुणी मागवलं नव्हतं. शपथविधीची बातमी लागल्यावर पहाटे तीनला आम्ही तो गार रस संगणकांच्या मधल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून खाल्ला. भाईने वर्तमानपत्र पसरण्याआधी तारीख बघून घेतली. आजचा अंक त्याने कधी खाण्याखाली घालू दिला नाही. त्याच वर्षी तो निवृत्त झाला.

आता दरफलकाकडे येतो, कारण गाड्यावर गेलात की तुमचं लक्ष तिकडेच जाणार.

नव्वदीच्या दशकात आमच्याकडे संगणकावर पान लागायला लागलं आणि ब्रोमाइडचं टेबल जिन्याखाली गेलं. पट्ट्या चिकटवणारे पुष्कळ पेस्टर तेव्हा घरी गेले. भाई पेजमेकर शिकला, पुढे आणखी दोन सॉफ्टवेअर शिकला, पण ती पाकिटं टाकून देववेनात. मामाचा जुना दरफलक खडूचा होता, पावसात पुसला जायचा. भाईने एका पांढऱ्या सनमायकाच्या तुकड्यावर त्याला नवा करून दिला, शिळ्या मथळ्यांची अक्षरं कापून. 'रस' हा 'चुरस' मधला, कुठल्यातरी फुटबॉल सामन्याच्या बातमीतला. 'पाव' पावसाने दिला, दरवर्षीच्या 'पावसाने झोडपले' मधून. 'ऑ' साठी ऑलिंपिकची पाकिटं उपसली. 'शागोती' जुळवायला सर्वात जास्त दिवस लागले, कारण 'गो' तर गोव्यात ढिगाने मिळतो, पण 'शा' त्याच मापाचा मिळेना. आकडे क्रिकेटच्या धावफलकांतले. वरून पारदर्शक कागद डकवला. आज तो पिवळा पडलाय, एका कोपऱ्यात तेलाचा डाग चढलाय, पण ओळी अजून सरळ आहेत. हल्ली मोबाइलवर व्हिडिओ काढणारी पोरं येतात, ती ऑमलेटपेक्षा फलकाचेच फोटो जास्त काढतात. त्यांना कुणी सांगत नाही, आणि मामाला विचारलं तर तो म्हणतो, 'आमच्या भाईन केला.'

दर वाढले की भाई येऊन आकडे बदलून द्यायचा. ब्रोमाइड संपल्यावर ऑफिसच्या प्रिंटरवर त्याच मापाचे आकडे काढून आणायचा. त्यात एकदाही त्याने हाताने आकडा लिहू दिला नाही.

भाईला साखर होती, रक्तदाब होता, आणि रात्रपाळीच्या माणसाला या दोन्हींची जेवढी काळजी घेता येते तेवढीच त्याने घेतली. निवृत्तीनंतर काही काळाने पायांवर सूज दिसायला लागली. मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस, दर वेळी चार तास. डाव्या हातात फिस्टुला केली. मनगटाच्या वर शीर आणि धमनी जोडतात, तिथं बोट ठेवलं की आतून सतत थरथर लागते. त्या हाताने वजन उचलायचं नाही, त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही. मामाच्या मुलाला त्याने ती थरथर हात लावून दाखवली आणि म्हणाला, 'मशीन चालू आहे बघ, अंक निघणार.' उजवा हात वाचला याचं त्याला समाधान होतं, ब्लेडचा हात तो.

पण खाणं गेलं. मीठ मोजून. पाणी मोजून, लघवी होते तेवढं आणि वर अर्धा लिटर, त्यात चहा आणि आमटीसुद्धा धरायची. नारळ बंद, केळं बंद, टोमॅटो बंद, कारण पोटॅशियम चढतं आणि चढलं तर हृदयावर येतं. अंड्याचा बलक नको, फॉस्फरसमुळे. पांढरं मात्र खा, भरपूर खा, डायलिसिसमध्ये प्रथिनं निघून जातात. नारळाच्या राज्यातल्या माणसाला नारळ बंद म्हणजे माशांचं हुमण गेलं, शागोती गेली, कडधान्याचं तोंडाक गेलं, साधी भाजीसुद्धा गेली, कारण आमच्या भाजीवर खोबरं नसेल तर तिला कुणी भाजी म्हणत नाही.

मला वाटलं होतं की आता तो गाड्यावर येणार नाही. आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी शुक्रवारी तिथं जमतो. डायलिसिसचे दिवस मंगळ, गुरू, शनी. शुक्रवारी अंगात त्यातल्या त्यात त्राण असायचं, तर भाचा त्याला गाडीतून घेऊन आला. मामाने नेहमीप्रमाणे दोन अंडी हातात घेतली. भाई म्हणाला, 'माझं नको, मी नुसता उभा राहतो.' मामाने विचारलं काय झालं. भाईने खिशातून आहारतज्ज्ञाने दिलेला कागद काढला.

'कागद दाखय, पळोवया.'

तवा तसाच ठेवून मामा दिव्याखाली गेला आणि त्याने तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. गिऱ्हाइकं थांबली होती. मग एकेक प्रश्न. 'कांदो चलता? लिंबू? मिरची?' चालतं म्हटल्यावर तो परत आला, तव्याची एक बाजू ओल्या फडक्याने पुसली, मग कोरड्या फडक्याने पुसली. मी विचारलं हे कशाला. तर म्हणाला, दिवसभरातल्या ऑमलेटांचं मीठ तव्याला धरलेलं असतं. माझ्या डोक्यात हे कधी आलं नसतं. तीन अंड्यांचं पांढरं, बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ नाही, तेल चमचाभर. वर लिंबू पिळलं आणि बशी भाईच्या हातात दिली. पाण्याऐवजी ग्लासात बर्फाचा एक खडा, चघळायला. तहान त्यानेच भागते हे मामाला कुठून माहीत होतं ते विचारलं तर त्याने उत्तर दिलं नाही. मागून त्याच्या मुलाकडून कळलं की मामाचा थोरला भाऊ यातूनच गेला.

भाईने कड आधी खाल्ली, रीतीप्रमाणे. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. 'कागद खाल्ल्यासारखं लागतंय,' तो म्हणाला, 'पण ब्रोमाइडपेक्षा बरा.' पट्ट्या दातांत धरून ब्लेड चालवायची त्याची सवय ज्यांना माहीत होती ते खदखदून हसले. बशी मात्र त्याने पुसून खाल्ली.

त्यानंतर दोन-अडीच वर्षं, जमेल त्या शुक्रवारी, तो तेच खात होता. या काळात गाड्याने जे केलं त्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. त्याचं ऑमलेट रांगेत त्याच्या नंबरावर यायचं, आधी नाही, नंतर नाही. दर तोच. कुणी नवीन माणूस शेजारी उभा असेल तर मामा मोठ्याने काही बोलायचा नाही, आजारी माणसाचं आहे, वेगळं आहे, असलं काही नाही. तव्याची बाजू पुसायची, पांढरं ओतायचं, संपलं. गेल्या काही वर्षांत मी घरात, लग्नात, हॉटेलात पथ्यावरच्या माणसाचं जेवण कसं वाढतात ते पुष्कळ पाहिलंय. त्याच्याबद्दल ताटावर सगळ्यांसमोर चर्चा होते, दया दाखवली जाते, आणि शेवटी 'एक दिवसाने काय होतंय' म्हणून नको ते वाढलं जातं. एका बड्या हॉटेलात आम्ही त्याच्या साठीला त्याला घेऊन गेलो होतो. मीठ न घालता करून द्या म्हटल्यावर वेटर म्हणाला की ग्रेव्ही तयार असते, जमत नाही. आणि इथं एका तव्याच्या, दोन शेगड्यांच्या गाड्यावर ते दर आठवड्याला जमत होतं.

भाईने त्याची परतफेड त्याच्या पद्धतीने केली. एका शुक्रवारी तो पाकीट घेऊन आला. भाच्याच्या प्रिंटरवर काढलेली अक्षरं, मापाला बरोबर. फलकाच्या तळाशी, पार्सलच्या दराखाली, अर्धा इंच जागा उरली होती. उजव्या हाताने ब्लेड धरून, डावा नुसता टेकवून, त्याने तिथं एक ओळ बसवली: 'मीठ सांगाल तसं'. मामा म्हणाला, कशाला, तुझ्या एकट्यासाठी? भाई म्हणाला, 'तुझ्या गिऱ्हाइकांची वयं बघ.' खरंच होतं. आमच्यातल्या तिघांना रक्तदाब. हाताला थरकाप होता, ओळ लावायला त्याला बराच वेळ लागला, आणि शेवटचा 'सं' केसभर खाली गेलाय. त्याला ते दिसलं होतं. 'राहू दे,' म्हणाला. भाईने 'राहू दे' म्हटलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते, बुधवारी रात्री तो झोपेत गेला. हृदय थांबलं. दुसऱ्या दिवशीच्या डायलिसिसची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती, चादर, टॉवेल, बिस्किटं. अंत्ययात्रेला ऑफिसमधली जुनी माणसं बहुतेक सगळी आली. आमच्याच दैनिकात बातमी आली, पान चार, एक कॉलम. ते पान लावणारा मुलगा भाईच्याच हाताखाली शिकलेला. त्याने मला रात्री फोन करून वय विचारलं आणि म्हणाला, 'काका, तीन ओळी जास्त होतायत. दुसरा फिलर काढला, पण भाईची एकही ओळ कापली नाही.' फोटोभोवतीची जागा चारी बाजूंनी सारखी होती. मी पट्टी लावून बघितली.

मामाला मी त्या शुक्रवारी सांगितलं. त्याने विचारलं, 'भाई खंय? येवंक ना?' मी सांगितलं. त्याने शेगडी बारीक केली. मागे सात-आठ माणसं उभी होती, बसची वेळ झालेली पोरं होती, तर त्याने ती परत मोठी केली आणि आलेली ऑर्डर पुरी केली. गर्दी ओसरल्यावर हात पुसत आला. 'घरांत आतां कोण आसा?' वहिनी आहेत, मुलगी फर्मागुडीला कॉलेजात शिकवते, हे सांगितलं. बाराव्याला तो आला होता. गाड्यावर नेहमी बनियनमध्ये असणारा मामा इस्त्रीच्या शर्टात मला ओळखूच आला नाही.

आता गाडा कसा आहे, हे विचाराल. मामाचे गुडघे गेलेत, तो स्टुलावर बसून पैसे घेतो. तवा मुलाकडे. मुलाचा हात ऑमलेटला बापापेक्षा चांगला आहे, कड अगदी जाळीदार येते. रस मात्र पूर्वीपेक्षा किंचित पातळ झालाय. मामीला आता वाटण होत नाही, मिक्सरवर सून करते, आणि नारळही महाग झालाय. गर्दीच्या शनिवारी रात्री नऊनंतर रसात पाणी वाढतं हे मी जिभेवर सांगू शकतो. साडेसातला जा, तेव्हाचा रस उत्तम. मध्यंतरी या बाजूचे रस्ते खणले होते, तेव्हा गाडा पाच-सहा महिने दुसरीकडे होता. बरेच जण समजले बंद झाला. झाला नाही.

काही गोष्टी मला आवडत नाहीत, त्याही सांगतो. बसायला जागा नाही, एक लाकडी बाक आहे तो मोडका. हात धुवायला ड्रम आहे, नळ नाही. पावसात ताडपत्रीवरून पाणी नेमकं गिऱ्हाइकाच्या मानेवर पडतं, याबद्दल मी मामाला वीसेक पावसाळे सांगतोय. चिली फ्राय मागू नका, ती मुलाने हल्लीच सुरू केलीय आणि त्यात सॉस असतो. कटलेट पाव ठीक, त्याहून अधिक काही नाही. चण्याचा रस फक्त सोमवारी आणि श्रावणात, तो अवश्य खा, शाकाहारी मित्रांना घेऊन जायला हा एकच दिवस बरा. चतुर्थीला गाडा आठवडाभर नसतो.

दरफलकावर रस ऑमलेट साठ रुपये लिहिलंय. खरा दर ऐंशी आहे. आकडा बदलणारं कुणी उरलं नाही आणि मार्करने खाडाखोड करायला मामा तयार नाही, मुलाशी त्याचं त्यावरून वाजतंही. तेव्हा दर तोंडी विचारा, वाद घालू नका. स्कॅन करून पैसे चालतात, कोड मामाच्या स्टुलाला मागे चिकटवलाय. मीठ कमी हवं असेल तर अंडं फोडायच्या आधी सांगा, फोडल्यावर सांगितलंत तर मुलगा नवीन अंडी घेतो आणि पहिल्याचे पैसे लावत नाही, पण बाप त्याच्याकडे डोळे वटारतो. संध्याकाळी सात ते साडेअकरा. रविवारी बंद.